डांगे कम्युनिस्ट झाले कसे? १९२१ ते १९२९ ची गोष्ट, सोप्या भाषेत

कॉम्रेड डांगे म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना संयुक्त महाराष्ट्राचं व्यासपीठ आठवतं, अत्रे, एसेम, प्रबोधनकार आणि त्यांच्या बरोबरीने सभा गाजवणारे डांगे. ज्यांना राजकारणात जास्त रस आहे त्यांना १९६४ ची कम्युनिस्ट पक्षातली फूट आठवते. पण त्याच्या कितीतरी आधीचे, विशीतले डांगे फारसे कुणाला माहीत नसतात, आणि मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात समजून घेण्यासारखा काळ तोच आहे. १९२१ ला त्यांनी पहिली पुस्तिका लिहिली तेव्हा वय २१, १९२९ ला मेरठ खटल्यात अटक झाली तेव्हा वय २९, आणि मधल्या आठ वर्षांतली तीन वर्षं तुरुंगात गेली. म्हणजे हातात उरली पाचच वर्षं, आणि तेवढ्यात हा माणूस मुंबईच्या दीड लाख गिरणी कामगारांच्या संपाचा पुढारी झाला.

हे झालं कसं? देशात कम्युनिस्ट पक्ष धड नाही, मार्क्सची पुस्तकं मिळत नाहीत, रशियाबद्दलच्या बातम्या इंग्रजांच्या चाळणीतून येतात, अशा वेळी नाशिक जिल्ह्यातला एक मुलगा लेनिनपर्यंत पोचतो कसा? याचं नेहमीचं उत्तर "मॉस्कोने माणसं पेरली" असं असतं, सरकारही कोर्टात हेच म्हणत होतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायचंय.

श्रीपाद अमृत डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ चा, निफाड तालुक्यातल्या करंजगावचा. शिकायला मुंबईला आले, विल्सन कॉलेजात. ते मिशनऱ्यांचं कॉलेज, तिथे बायबलचा तास सक्तीचा होता आणि त्या सक्तीविरुद्ध विद्यार्थ्यांनी जी चळवळ केली त्यात डांगे पुढे होते. त्यांच्या राजकारणाची सुरुवात ही अशी झाली, त्यात मार्क्स कुठेच नाही. त्या वयात त्यांचे आदर्श होते लोकमान्य टिळक, आणि त्या काळातल्या मराठी तरुणासाठी यात नवल काहीच नाही.

पण इथे टिळकांची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचा धागा तिथून निघतो. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. पगारवाढ नाही, बोनस नाही, निव्वळ राजकीय कारणासाठी केलेला संप. रस्त्यावर सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि याची दखल तिकडे युरोपात परागंदा असलेल्या लेनिनने घेतली, हिंदुस्थानातला कामगार आता जाणतेपणाने राजकीय लढ्यात उतरलाय अशा अर्थाचं त्याने त्याच वर्षी लिहिलं. म्हणजे डांगे आठ-नऊ वर्षांचे होते तेव्हाच टिळक, गिरणी कामगार आणि लेनिन हे तिघं एका ओळीत येऊन गेले होते! टिळकांना मानणारा मुलगा पुढे लेनिनकडे वळला यात लोकांना मोठी उलथापालथ दिसते, मला तितकीशी दिसत नाही. परक्या सत्तेशी भिडायचं आणि सामान्य माणसाला सोबत घेऊन भिडायचं, ही ओढ आधीपासूनच होती. सामान्य माणूस म्हणजे नेमका कोण आणि तो लढला तर त्याच्या हाताला काय लागणार, हा प्रश्न मात्र टिळकांच्या राजकारणात तसा मोकळाच राहिला होता.

१९१७ ला रशियात क्रांती झाली. आपल्याकडे बातम्या आल्या त्या तुटक आणि बहुतेक विरोधातल्या, बोल्शेविक, म्हणजे लेनिनच्या पक्षाची माणसं, लुटारू आणि खुनी असाच सूर. पण गंमत अशी की इंग्रज ज्याला इतकं घाबरतात त्यात काहीतरी असणार, असं इथल्या तरुणांना वाटायला लागलं. मिळेल ते वाचायचं एवढंच हातात होतं, कारण परदेशातून येणारं साहित्य बंदरावरच जप्त व्हायचं. डांगे या काळात मुंबईच्या गिरणी भागात सेवाकार्यासाठी जात होते, चाळीतल्या खोल्या, एकेका खोलीत कोंबलेली माणसं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, असहकाराची चळवळ सुरू झाली आणि हजारो विद्यार्थ्यांसारखं डांगेंनीही कॉलेज सोडलं.

कॉलेज सोडलं गांधींच्या हाकेवर, आणि वर्षभराच्या आत गांधींच्या मार्गावर प्रश्न विचारणारी पुस्तिका लिहिली. 'गांधी विरुद्ध लेनिन', १९२१, इंग्रजीत. नाव ऐकून वाटतं गांधींवर नुसती टीका असेल, तसं नाही. मांडणी साधारण अशी आहे की दोघांनाही माणसाचं दुःख आणि पिळवणूक संपवायची आहे, पण रोगाचं कारण दोघं वेगळं सांगतात. गांधी म्हणतात दोष आधुनिक संस्कृतीचा, यंत्रांचा, म्हणून चरखा आणि साधं गावचं जगणं. लेनिन म्हणतो यंत्राचा दोष नाही, यंत्र कुणाच्या मालकीचं आहे त्यात दोष आहे, म्हणून मालकी बदला. डांगेंचा कल दुसऱ्या बाजूला होता. त्यांना ग्रामोद्योग हा देशाच्या गरिबीवरचा एकमेव उपाय आहे हे पटत नव्हतं, आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाला ते न पटणं स्वाभाविक होतं, कारण तिथे लाखो माणसं गिरणीवरच जगत होती, त्यांना चरखा द्यायचा म्हणजे काय द्यायचं?

आज ती पुस्तिका कुणी मार्क्सवाद शिकायला वाचणार नाही. पक्का मार्क्सवादी माणूस त्यात शंभर चुका काढेल. मार्क्स जेमतेम हाती लागलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने लिहिलंय हे जागोजागी जाणवतं. पण प्रश्न त्याने अचूक उचलला होता, स्वराज्य आलं तर ते कुणाचं असेल? १९२१ मध्ये, सगळा देश गांधींच्या मागे असताना, हे छापून विचारायला धाडस लागतं.

ही पुस्तिका रणछोडदास भवान लोटवाला यांच्या वाचनात आली. हे गृहस्थ मुंबईतले पिठाच्या गिरणीचे मालक, पैसेवाले, आणि त्यांना समाजवादाची मनापासून आवड. त्यांनी डांगेंना पैशाची मदत केली, पुस्तकं मिळवून दिली, मार्क्सवादी साहित्य छापलं. भांडवलदाराने मार्क्सवाद्याला पोसावं हे आज विचित्र वाटतं खरं, पण मार्क्सचा जोडीदार एंगल्स हासुद्धा मँचेस्टरच्या कापड गिरणीत भागीदार असलेल्या घरातला होता आणि मार्क्सचं घर बरंचसं त्याच्याच पैशावर चालायचं. लोटवालांमुळे डांगेंना जे मिळालं ते म्हणजे वाचायला वेळ आणि वाचायला पुस्तकं, आणि त्या काळात दोन्ही दुर्मिळ होतं.

फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौरा झालं, गांधींनी चळवळ मागे घेतली, कॉलेज सोडून आलेले तरुण अधांतरी राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डांगेंनी 'सोशलिस्ट' नावाचं इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं, भारतातलं पहिलं मार्क्सवादी नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. सप्टेंबरमध्ये त्यातूनच त्यांनी काँग्रेसच्या आतच एक समाजवादी मजूर पक्ष काढावा अशी कल्पना मांडली. काँग्रेसच्या आत, हे लक्षात घ्या. काँग्रेस सोडायची नाही, तिला कामगार-शेतकऱ्यांकडे ओढायचं, असा विचार होता.

आता दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते बघू, नाहीतर पुढचा खटला कळणार नाही. मानवेंद्रनाथ रॉय हे बंगालचे क्रांतिकारक, मेक्सिकोमार्गे मॉस्कोला पोचलेले, आणि त्यांनी ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंदला काही परागंदा भारतीयांना घेऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला होता. मॉस्कोत तेव्हा 'कॉमिन्टर्न' होतं, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची मध्यवर्ती संघटना, तिथून धोरण ठरायचं आणि पैसे, साहित्य, माणसं पाठवली जायची. रॉय त्या संघटनेत मोठ्या पदावर होते, पण त्यांच्या पक्षाला भारतात पाय नव्हते. मग त्यांना कळलं की मुंबईत डांगे नावाचा मुलगा आहे, कलकत्त्यात मुजफ्फर अहमद आहेत, मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार आहेत, हे सगळे आपापल्या वाटेने इथवर आलेत. त्यांनी पत्रं पाठवायला सुरुवात केली, चार्ल्स ॲशले नावाचा एक ब्रिटिश कम्युनिस्ट मुंबईला पाठवला, तो डांगेंना भेटला आणि सरकारने त्याला लगोलग परत धाडला.

इथे माझा मुद्दा आहे. रॉय यांचं पत्र यायच्या आधी 'गांधी विरुद्ध लेनिन' छापून झालं होतं. मॉस्कोने डांगेंना शोधलं, घडवलं नाही. आणि शोधल्यावरही दोघांचं पटलं असं नाही. सगळ्यांनी युरोपात जमून पक्षाची बैठक घ्यावी असं रॉय यांच्या मनात होतं, त्यावर डांगेंनी सिंगारवेलूंना कळवलं की युरोपातल्या परिषदेत कम्युनिझम शोधत फिरणं हा वेडेपणा आहे, जे करायचं ते इथेच. हा हट्टी, स्वतंत्र सूर डांगेंच्यात शेवटपर्यंत राहिला आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

पोलिसांना मात्र हे बारकावे नको होते. गुप्तचर खातं टपाल उघडत होतं, पत्रांच्या नकला काढून पाकिटं परत चिकटवून पुढे पाठवत होतं. या पत्रांच्या जोरावर मार्च १९२४ मध्ये कानपूर बोल्शेविक कट खटला उभा राहिला. आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम १२१-अ खाली, म्हणजे सम्राटाला हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट. एवढा भारी आरोप, आणि पुरावा काय तर पत्रं, अंक, पत्ते. हत्यार नाही, बाँब नाही, फौज नाही. देशभरातले कम्युनिस्ट तेव्हा एखाद्या छोट्या हॉलमध्ये मावले असते! पण कटाच्या कलमाची खुबीच ती आहे, कृती सिद्ध करावी लागत नाही, एकत्र ठरवलं एवढं दाखवलं की पुरे. न्यायाधीश होते होम, ज्यांनी आदल्याच वर्षी चौरीचौरा खटल्यात १७२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. रॉय युरोपात असल्यामुळे हाती लागले नाहीत, सिंगारवेलूंना आजारपणामुळे आणता आलं नाही, आणि २० मे १९२४ ला चौघांना प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी झाली: डांगे, मुजफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता.

या खटल्याचा सरकारला उलटाच अनुभव आला. वर्तमानपत्रांत रोजच्या रोज बातम्या येत होत्या, कोर्टात वाचलेली पत्रं छापून येत होती, त्यामुळे 'सोशलिस्ट' ज्या घरात कधी पोचला नसता तिथे 'बोल्शेविक' म्हणजे काय याची चर्चा पोचली.

कानपूरबद्दल लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. १९६४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काही पत्रं असल्याचं समोर आलं, १९२४ ला तुरुंगातून डांगेंनी सरकारला लिहिली असं सांगितलेली, आणि त्यात सुटकेच्या बदल्यात सरकारला मदत करण्याची तयारी होती. डांगे म्हणाले ही बनावट आहेत. पक्षातल्या बहुमताने त्यांचं ऐकलं, विरोधकांनी नाही, एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्रीय कौन्सिलचे ३२ सदस्य बैठकीतून उठून गेले आणि पुढे त्यातूनच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष झाला. फुटीची खरी कारणं चीन, रशिया, काँग्रेसशी नातं अशी मोठी होती, पत्रांनी त्यात तेल ओतलं. या पत्रांवर आजही दोन्ही बाजूंचे लोक ठाम आहेत. डांगेंवर प्रेम करणाऱ्यांनी हा विषय झाकू नये असं मला वाटतं, आणि फक्त या पत्रांवरून ज्यांना अख्खा माणूस मोडीत काढायचाय त्यांनी १९२७ नंतर त्याने काय केलं तेही बघावं.

कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. डांगे तुरुंगात असताना बाहेर दोन गोष्टी घडल्या. एक, डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची पहिली उघड परिषद झाली, सिंगारवेलू अध्यक्ष, मौलाना हसरत मोहानी स्वागताध्यक्ष, आणि मुंबईत काम करणारे घाटे सरचिटणीसांपैकी एक. (पक्षाचा जन्म ताश्कंदचा धरायचा की कानपूरचा, यावर दोन कम्युनिस्ट पक्षांचं अजून एकमत नाही.) दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९२४ ला बोनससाठी आणि १९२५ ला साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी दोन प्रचंड संप केले. दुसरा जिंकला, सरकारला कापडावरचा अबकारी कर काढावा लागला आणि मालकांनी कपात मागे घेतली. या दोन्ही संपांत कम्युनिस्टांचा हात नव्हता. म्हणून "कम्युनिस्टांनी कामगारांना संप करायला शिकवलं" हे वाक्य कुठे ऐकलं की मला राग येतो. कामगार १९०८ ला, १९१९ ला, १९२० ला, सतत संप करत होते. शिकायचं होतं ते पुस्तकं वाचून आलेल्या पोरांना.

मे १९२७ मध्ये डांगे सुटले. मुंबईत तोवर मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे या मंडळींनी कामगार-शेतकरी पक्ष उभा केला होता, हा उघड, कायदेशीर पक्ष, ज्याच्या आत राहून कम्युनिस्ट काम करत. त्यांचं साप्ताहिक होतं 'क्रांती', आणि ते मराठीत होतं. १९२२ च्या 'सोशलिस्ट'मध्ये आणि १९२७ च्या 'क्रांती'मध्ये सगळ्यात मोठा फरक कुठला विचाराल तर मी हाच सांगेन. इंग्रजी साप्ताहिक वाचणारे वकील, विद्यार्थी, संपादक आणि पोलीस. मराठी साप्ताहिक खाणावळीत एकाने मोठ्याने वाचायचं आणि वीस जणांनी जेवता जेवता ऐकायचं.

आता गिरणीत जाऊ, कारण १९२८ चा संप गिरणीच्या आत काय बदललं ते कळल्याशिवाय कळत नाही.

परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, नायगाव या पट्ट्यात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार, त्यात मोठा भाग कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातला, बाकी घाटावरचे सातारा-कोल्हापूरकडचे, शिवाय उत्तरेतले भय्ये, मोमीन विणकर असे सगळे. नोकरी लावणारा जॉबर म्हणजे मुकादम. कामावर घ्यायचं त्याच्या हातात, काढायचं त्याच्या हातात, त्याला दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, द्यावी लागे. बदली कामगार रोज सकाळी भोंग्याच्या वेळी दारात उभे, आज काम मिळालं तर मिळालं. वाण्याकडे उधारी, पठाणाकडे कर्ज, आणि गावी मनीऑर्डर.

साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, विणकर दोन साचे (माग) चालवायचा. १९२७-२८ च्या सुमारास मालकांनी ठरवलं की त्याने तीन चालवावेत. कताईखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. याला त्यांनी नाव दिलं रॅशनलायझेशन. मालकांची बाजूही ऐकून घेऊ, जपानचा स्वस्त माल येत होता, आणि १९२७ ला सरकारने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरवल्यामुळे बाहेरचा माल आणखी स्वस्त पडत होता, गिरण्या अडचणीत होत्या हे खोटं नाही. पण त्या अडचणीचा भार कुणावर? साधा हिशोब करा, साठ साचे असतील तर दोनाच्या हिशोबाने तीस विणकर लागतात, तिनाच्या हिशोबाने वीस. दहा माणसं घरी. जे वीस राहिले त्यांना महिन्याकाठी थोडे जास्त पैसे दिसतील पण दर कापडामागे कमी, आणि काम दीडपट. सूत चांगल्या प्रतीचं असेल, यंत्र नवं असेल तर तीन साचे जमतातही. आपल्याकडे हलक्या कापसाचं सूत सारखं तुटायचं, माणूस एका साच्यावर तार सांधतोय तोवर दुसरा बंद पडलेला, आणि कापडात डाग किंवा तूट आली की दंड त्याच्याच पगारातून.

हे सगळं एकवीस वर्षांच्या डांगेंना माहीत नव्हतं, त्यांच्या पुस्तिकेत कामगार आहे तो एक शक्ती म्हणून, एक वर्ग म्हणून. अठ्ठावीस वर्षांच्या डांगेंना कुठल्या खात्यात कुठल्या नंबरच्या सुताला काय दर आहे हे माहीत असावं लागलं, कारण समोर बसलेल्या मालकांशी त्याच भाषेत भांडायचं होतं. हे ते कुणाकडून शिकले? अर्जुन आत्माराम आळवे, कासले यांच्यासारख्या प्रत्यक्ष गिरणीत काम केलेल्या माणसांकडून. माझ्या मते डांगे नेते झाले ते या शिकण्यामुळे.

एप्रिल १९२८ मध्ये एकेक गिरणी बंद पडत गेली आणि महिनाअखेर जवळपास सगळ्या गिरण्या थंड झाल्या. सुरुवातीला कम्युनिस्टांच्यात आणि ना. म. जोशींच्यात चढाओढ होती. जोशी हे मवाळ, सनदशीर मार्गाचे, त्यांची युनियन १९२६ पासूनची, कामगारांसाठी आयुष्य दिलेला प्रामाणिक माणूस. त्यांना वाटत होतं सार्वत्रिक संपाची ही वेळ नाही. पण संप झालाच म्हटल्यावर दोघांनी मिळून संयुक्त संप कमिटी केली आणि १७ मागण्या ठेवल्या. जहाल-मवाळ एका कमिटीत सहा महिने टिकले, आजच्या युनियनवाल्यांनी याचा अभ्यास करावा इतकी ती मोठी गोष्ट आहे. २२ मे १९२८ ला गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, लाल बावटावाली. अध्यक्ष आळवे, उपाध्यक्ष कासले, जनरल सेक्रेटरी डांगे. अध्यक्षपदी गिरणी कामगार होता, वकील किंवा सावकार नव्हता, हेसुद्धा नवीन होतं.

सहा महिने संप म्हणजे सहा महिने पगार नाही. टिकला कसा? एक तर बरेच कामगार गावी गेले, कोकणात पावसाळा तोंडावर होता, शेतीची कामं होती, खाणारं तोंड मुंबईतून कमी झालं. उरलेल्यांसाठी धान्यवाटप झालं, त्यासाठी वर्गण्या आल्या, रशियातल्या कापड कामगारांच्या संघटनेकडूनही पैसे आले आणि त्यावर सरकारने भरपूर ओरड केली. काही वाण्यांनी, खाणावळवाल्या बायांनी उधारी वाढवली, काहींनी हात आखडता घेतला. आणि सभा, रोजच्या रोज सभा, नागू सयाजीच्या वाडीत, पोयबावडीला. संपात माणूस घरी बसला की मन खचतं, म्हणून त्याला रोज बाहेर काढायचं, काल मालकांशी काय बोलणं झालं ते सांगायचं. डांगेंचं बोलणं इथे घडलं. ते घोषणा देत ओरडणारे वक्ते नव्हते, हिशोब समजावून सांगत, मध्येच चिमटा काढत, हसवत, संतांचे दाखले देत. पुढे चाळीस वर्षं महाराष्ट्राने जो वक्ता ऐकला तो या मैदानात तयार झाला.

याच संपात एक जखमही उघडी पडली आणि ती सांगितली पाहिजे. गिरणीतल्या साचाखात्यात पगार सगळ्यात चांगला, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय तर धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या नळीतला, दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण विणकर म्हणत विटाळ होतो. मालकांनी नाही, कामगारांनीच ही भिंत उभी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तुम्ही कामगारांची एकी म्हणता तर आमच्या माणसांना साचाखातं खुलं करा, नाहीतर आम्ही त्यांना संपात राहायला का सांगावं? पुढाऱ्यांनी खळखळ करत ती मागणी यादीत घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याचे जबाबदार आम्ही नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते. वर्ग एकदा जागा झाला की जात आपोआप गळून पडेल ही कम्युनिस्टांची समजूत तिथेच, धोट्यापाशी अडली. डांगे आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला पुरेसं भिडले नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि महाराष्ट्रातली डावी चळवळ त्याची किंमत पुढे अनेक दशकं देत राहिली.

ऑक्टोबर १९२८ च्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली. सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिटी, आणि तोवर काम जुन्या दराने. पूर्ण विजय नव्हता, पण मालकांनी एकतर्फी केलेले बदल थांबले होते. त्याहून मोठं म्हणजे युनियन. नोंदणीच्या वेळी ३२४ सभासद असलेली गिरणी कामगार युनियन डिसेंबरपर्यंत ५४,००० वर पोचली. गिरणीगिरणीत कामगारांच्या कमिट्या झाल्या, खात्यात काही अन्याय झाला की जॉबरच्या पाया पडण्याऐवजी माणूस कमिटीकडे जायला लागला. जॉबरची सत्ता पहिल्यांदा हलली ती इथे. मालकांना तीन साच्यांपेक्षा या कमिट्या जास्त झोंबल्या असणार.

सरकारही स्वस्थ बसलेलं नव्हतं. २० मार्च १९२९ ला देशभर एकाच वेळी धाडी पडल्या. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, आळवे, कासले, नुकतेच जर्मनीहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतलेले गंगाधर अधिकारी, इंग्लंडहून येऊन इथे काम करणारे स्प्रॅट आणि ब्रॅडली, असे सगळे मिळून देशभरातून तीसहून जास्त आरोपी. खटला मुंबईत न चालवता मेरठला नेला. का? मुंबई-कलकत्त्याला ज्यूरी बसवावी लागली असती आणि ज्यूरीतल्या हिंदी लोकांनी आरोपींना सोडलं असतं ही धास्ती. याच सुमारास सरकार कामगार तंटे कायदा आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयक रेटत होतं, आणि ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकला तो या कायद्यांच्या निषेधात. आपल्याकडे भगतसिंगांचा तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण ते कायदे ज्यांच्यासाठी आणले जात होते त्यांत परळ-लालबागचे गिरणी कामगार होते हे कुणी सांगत नाही.

पुढारी आत गेल्यावर एप्रिल १९२९ मध्ये युनियनच्या कामगारांना कामावरून काढण्याच्या मुद्द्यावर दुसरा सार्वत्रिक संप झाला आणि तो फसला. फेब्रुवारीत मुंबईत झालेल्या हिंदू-मुस्लिम दंग्यांनी वातावरण आधीच नासलं होतं, कामगार सहा महिन्यांच्या संपातून जेमतेम सावरलेले, अनुभवी माणसं मेरठच्या तुरुंगात. सभासद भराभर गळाले. संपाची वेळ चुकली हे पुढे कम्युनिस्टांनाही कबूल करावं लागलं, ना. म. जोशींसारखा सबुरीने चालणारा माणूस या वेळी सोबत नव्हता याचाही तो परिणाम.

मेरठचा खटला जवळजवळ चार वर्षं चालला. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला, मुजफ्फर अहमदांना जन्मठेप, डांगेंना १२ वर्षं काळं पाणी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षा कमी करून डांगेंना ३ वर्षं ठेवली. ते सुटून आले १९३५ मध्ये. तोवर गिरणगावातलं युनियनचं काम उरलेल्या कार्यकर्त्यांनी आणि डांगेंच्या पत्नी उषाताईंसारख्या बायांनी धरून ठेवलं होतं.